भरतीचं वेळापत्रक

कुणी पडलं की फॉर्म भरायचा. निळा.
कुठे, किती वाजता, पायात काय होतं,
फरशी ओली होती का, दिवा चालू होता का.
सगळ्यात खाली एक चौकोन: कारण.
गेल्या हिवाळ्यात खमीस बिन जुमाच्या नावावर
माझ्या अक्षरात असे पाच फॉर्म,
आणि पाचही चौकोनांत
मी लिहिलंय, समजत नाही.

करायचं ते सगळं केलं होतं.
गालिचे गुंडाळून माळ्यावर टाकले,
सपाता काढून रबरी तळव्याचे मोजे दिले,
न्हाणीत दांडी, दांडीला पिवळी पट्टी,
पलंग गुडघ्याच्याही खाली उतरवला.
त्याची दिशदाशा फरशीवर लोळायची,
ती दोन बोटं दुमडून मी शिवली
रात्रपाळीत, काळ्या दोऱ्यानं, पांढरा नव्हता म्हणून.
उम्म सुलेमान हसली, शिंप्याकडेच का नाही लागलीस.
(उम्म सुलेमान कधी पडत नाही.
ती मुळी उठतच नाही.
त्याचाही एक फॉर्म हवा होता.)

मग डॉक्टर म्हणाले, कठडे लावा.
दोन्हीकडून लावले,
तर गडी त्यावर पाय टाकून असा चढला
जसा उभा जन्म
होडीतून गलबतावर चढत आलाय.
तो तिसरा फॉर्म. कपाळाला चार टाके.
टाके पडत असताना मला म्हणाला,
मुंबईच्या गोदीत शिकलेल्या, खजुरासारख्या चिकट हिंदीत:
हम नहीं गिरा, सिस्टर. जहाज हिला.

कधी अडीचला उठायचा, कधी सव्वातीनला,
कधी भर दुपारी, हातातला घास टाकून.
पलंगापुढची चटई घंटा वाजवेपर्यंत
तो दाराशी, मी कॉरिडॉरच्या त्या टोकाला.
किती पळाले तरी
पडणं माझ्याआधी पोचायचं.

मी मिरजेची, कृष्णाकाठची बाई.
आमचं पाणी चढतं ते वर्षातून एकदा,
मग महिनोन् महिने घाट उघडा.
मला कसं कळावं?
कळलं तोफज्जलला, जो फरशी पुसतो.
संद्वीप नावाच्या बेटावरचा,
घर दोनदा पाण्यात गेलेलं.
माझ्या खांद्यावरून त्यानं वही पाहिली,
अक्षर येत नाही, आकडे येतात,
बोट खाली खाली नेत म्हणाला,
रोज पाऊण तास पुढे. थोडं जास्तच.
दीदी, सूरच्या खाडीत पाणी भरतं ना,
तेव्हा हा नांगर उचलायला जातो.

खिडकी बंद, एसी चालू, पडदे जाड.
इथून समुद्र दिसत नाही, ऐकू येत नाही.
कुठून कळतं, मी त्याला विचारलं नाही.

आता औषधांच्या तक्त्याशेजारी
कोळ्यांच्या दुकानातून आणलेलं
भरतीचं वेळापत्रक चिकटवलंय.
नवी सुपरवायझर म्हणाली, हे इथे कशाला?
बिन्सी म्हणाली, खमीसबाबाचं औषध आहे, दिवसातून दोनदा.

दहा मिनिटं आधी
जिची पाळी असेल तिनं जायचं.
दिवा लावायचा, मोजे चढवायचे, कोपर धरायचं.
तो उभा राहतो, पाय फाकवून, गुडघे सैल,
आणि दोन्ही हातांनी हवेतला दोर ओढू लागतो.
आपण मागे. कमरपट्ट्याला हात लावून ठेवायचा,
ओढायचं त्यानंच.
दोर संपतो. तो बसतो, घाम पुसतो,
पाणी मागतो.

चार महिने निळा कागद लागला नाही.

परवा मिरजेहून आईचा फोन.
उंबऱ्याला अडखळले गं, काही नाही, हळद लावली.
किती वाजता, मी विचारलं. पायात काय होतं. दिवा चालू होता का.
ती म्हणाली, उंबरा तोच आहे की, चाळीस वर्षं.
मी बोलले नाही. मग तीच म्हणाली,
बिल वाढेल, ठेव आता.

आज भरती दोन पन्नासला.
दोन चाळीस झाले.
उठते.