मुदत

डेटनच्या दवाखान्यामागे
रोझान गाडी बंद करत नाही.
गाडी कंपनीची. पेट्रोलही.
मागच्या सीटवर बावीस जणांचं जेवण निवतंय,
शेजारी बीपीच्या गोळ्यांचे नमुने,
मुदत मार्चपर्यंत.
तिची कुठवर, ते कुणी छापलेलं नाही.

स्वतःहून सोडली तर हाती भोपळा.
थांबली, आणि काढलं, तर बारा आठवड्यांचा पगार.
"थांब की," ड्वेन म्हणाला होता.
सोमवारी त्यालाच काढलं.
फोन वाजतो, उचलत नाही.

पर्समध्ये दुसऱ्या कंपनीचं पत्र:
पगार कमी, उत्तर शुक्रवारपर्यंत.

काचेआडून रिसेप्शनवरची ओपल हात हलवते,
आज सूप आणलंस ना?

रोझान किल्ली फिरवते. इंजिन गप्प.
अकरा वर्षांपूर्वी विकलेली आपली गाडी
निळी होती की राखाडी,
आठवेना.