सामानघरातून

प्वेर्तो मॉन्तच्या बसस्थानकात माझी खिडकी शेवटची,
समुद्राकडे पाठ करून बसलेली.
बावीस वर्षं लोकांच्या बॅगा सांभाळतोय.
पितळी बिल्ला देतो, बिल्ला घेतो,
मधे कुणी कितीही गोड बोललं
तरी बिल्ल्याशिवाय पिशवीची नाडीसुद्धा दाखवत नाही.

काल चिलोए बेटावरची एक पोर आली,
आयलीन मान्सिया,
नाव बॅगेवर लोकरीने भरलेलं.
बॅग दिली. लॅपटॉप दिला नाही.
शहाणी आहे, म्हटलं.
समोरच्या बाकावर बसून तिने तो उघडला.
पडद्यावरची झिल्ली अजून काढलेली नव्हती,
कोपऱ्यात हवेचा एक बुडबुडा.
शिंपल्यांच्या कारखान्यातल्या आईच्या दोन हिवाळ्यांच्या रात्रपाळ्या
त्या मांडीवर होत्या,
वजन दीड किलो.

"इथलं वायफाय कुठलं हो?"
नाव तर मी रोज कागदावर लिहून काचेला चिकटवतो,
पण काचेकडे बघतं कोण?
"तेर्मिनाल लिब्रे," म्हटलं.
"दोन आहेत. एक साधं, एक 'लिब्रे २'.
दोनला दांड्या जास्त.
मी त्यालाच जोडलंय, छान पळतंय."

आमच्याकडे दुसरं नाही गं.
पहिलंच खोकत चालतं.

धुक्यात बोटी हाकणाऱ्यांच्या घरातली ती,
तिला मी काय सांगायचं
की जवळ दिसतो तो प्रत्येक दिवा बंदराचा नसतो?
आधी तिचे हात थांबले, मग चेहरा उतरला.
विद्यापीठाचं पान उघडलं होतं,
पासवर्ड टाकून झाला होता.
"पण वर कुलूप होतं की, छोटंसं!"
कुलूप होतं. मीही पाहिलं.
कुलूप कुणाच्या दाराला आहे
ते पत्ता वाचल्याशिवाय कळत नाही,
आणि त्या पत्त्यात एक अक्षर जास्तीचं होतं.

वायफाय बंद.
फोनमध्ये उरलेल्या चिमूटभर डेटावर,
माझ्या खिडकीला टेकून, गर्दीकडे पाठ करून
तिने पासवर्ड बदलला.
मी मान वळवली, ही या धंद्याची रीत.
फोनवर सहा आकडे आले
आणि ती ते मोठ्याने वाचायला लागली.
मी असा ओरडलो
की रांगेतल्या पाद्रीबाबांच्या हातातला चहा सांडला.

मग सेटिंगा. लॅपटॉपने तिला आधीच विचारलं होतं,
ही जागा घरची की सार्वजनिक?
तिने 'घर' म्हटलं होतं.
"लवकर दाबायला तेच वर होतं," म्हणाली,
आणि हसता हसता डोळे पुसले.
घर फेरीबोटीच्या पलीकडे, साडेचार तासांवर.
आता 'सार्वजनिक' केलं,
फाइली वाटण्याचं बंद केलं,
दिसेल त्या जाळ्याला आपणहून चिकटायची सवयही बंद.

चार दहाची ओसोर्नोची बस निघाली.
आम्ही दोघं पडद्याकडे बघत होतो.
'लिब्रे २'. चार दांड्या, तीन, एक.
बस वळली. नाव गेलं.

कोण होता?
एका म्हातारीने खिडकीतून मला हात केला होता,
एका मुलाने सुटे पैसे मागून घेतले होते,
एकीने बॅग घेताना "देव भलं करो" म्हटलं होतं.

आयलीनला मी एक गोष्ट सांगितली नाही.
दांड्या सगळ्यांत जास्त माझ्या खिडकीपाशी होत्या.
सकाळपासून चारपर्यंत,
फळीवर, कोरड्या जागी,
बिल्ल्याशिवाय कुणाला हात लावू न देता
मीच ते सांभाळलं होतं.

आज कागदावर नावाखाली एक ओळ वाढवलीय:
इथे एवढं एकच.
काचेकडे अजून कुणी बघत नाही.