पाठ

सुभाषनगरात शालनवहिनींनी
तुकडा आधी नाकाशी धरला,
मग अंगठ्यानं दाबून बघितला,
आणि माझ्याकडं न बघताच म्हणाल्या,
"पोटाचं घिऊ नगंस, ताणतंय ते.
हे पाठीचं हाय. ह्ये ऱ्हाईल."

दीड हात लांब, चार बोटं रुंद,
हिरडा-बाभळीत मुरलेलं,
जुन्या गुळाच्या रंगाचं.
पैसे विचारले
तर त्या चपलेच्या पट्ट्यावर वेणी घालत राहिल्या,
चामड्याची, सुतळीहून बारीक.
"आप्पांनी माझ्या पोराचं जावळ काढलंय," म्हणाल्या,
"ठेव ते पाकीट."

मी उद्यमनगरातला टर्नर.
लोखंडाचं मला कळतं.
मिलिमीटरचा शंभरावा भाग
जॉबवर नख फिरवून सांगतो,
साहेब मायक्रोमीटर काढेपर्यंत.
पण धोकटी घरातच खुंटीला असून
वस्तरा मला कधी आला नाही.
आप्पांनी शिकवला नाही, मी मागितला नाही.
धोकटीत सहाण, वाटी, चिमटा, नराणी,
आणि उंदरांनी कुरतडलेला पट्टा,
ज्याचं आता फक्त कडं शाबूत.

बाटली फोडून काचेच्या कडेनं
कातडं तासलं. भुगा पायावर पडत राहिला.
सागवानी फळीला फेविकॉल,
वरून चौतर पसरून
लेथचा जुना चक रात्रभर ठेवला ओझ्याला.
मागच्या अंगाला मांजरपाट ठोकलं,
त्यावर बफिंगवाल्या मुल्लाणीकडची हिरवी कांडी घासली.
पुढचं अंग कोरं.
त्याला एरंडेलाचा एक थेंब,
आणि आठ दिवस, येता-जाता, तळहात.

आणि पहिल्याच फेरीला
मी वस्तरा धारेवर उलटवला.
कातड्यात अर्धचंद्र, नखाएवढा.
शॉपमध्ये असता तर जॉब भंगारात.

"कापलास न्हवं?"
आतून आप्पा.
दोन वर्षं झाली, डोळ्यांपुढं
दूध सांडल्यासारखं आहे त्यांच्या.
माणसं ते चपलांवरून ओळखतात,
चूक बहुतेक श्वासावरून.

"धार पुढं न्यायची नसती रं.
पाठ पुढं.
धार मागनं येती,
जत्रंत पोरगं येतंय तशी, बोट धरून.
आन् वळताना पाठीवर वळ.
धारंला कळूच द्यायचं न्हाई
वळलो म्हणून."

पाठ पुढं. वळ. पाठ पुढं. वळ.
शाळेत एवढं काही पाठ केलं नव्हतं मी.
आधी नुसती खरखर.
तिसऱ्या दिवशी रात्री,
शेजारचा टीव्ही बंद झाल्यावर,
आवाज बदलला:
पहाटे तालमीत तेलकट पाठीवर
तळवा पडावा, तसा.
सप. सप.
आत कॉट करकरली.
आप्पा उठून बसले होते. बोलले काही नाहीत.

रविवारी पितळी वाटीत कढत पाणी.
साबण गालभर.
अख्ख्या शुक्रवार पेठेचे गळे
ह्या माणसाच्या हाताखाली उघडे पडायचे,
मामलेदारापासून माडीवाल्यापर्यंत,
डोळे मिटून, निवांत.
त्यांनी मान मागं टाकली.
दिसत नसूनही डोळे मिटले.

हनुवटीखाली एक शीर उडत होती.
माझा हात लोखंडाला सरावलेला,
लोखंड कधी गिळत नाही आवंढा.
मी थांबलो, तो उतरला, मग पुढं गेलो.

झाल्यावर त्यांनी तुरटी फिरवून घेतली,
उलटा तळवा गालावरून नेला,
सावकाश, जसं दुसऱ्याचं काम तपासतात.
"कानापाशी ऱ्हायलंय," म्हणाले.

मी परत पट्ट्याकडं गेलो.
सप, सप,
आणि दर फेरीला मधेच, त्या अर्धचंद्रावर,
एक बारीक टक्.
"त्यो आवाज ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले,
"निम्मा पट्टा झाला, कळतंय मला."