एक्स्टेंशन चार

एप्रिलात फोन तापतो.
बर्मिंगहॅमपलीकडच्या हॅझलबरीत, कौन्सिलच्या तिसऱ्या मजल्यावर
मी हेडसेट चढवून शिव्या खाते.

ग्लेनिस ऑकली, वय एक्याऐंशी :
"गल्लीतला दिवा बाराला विझतो,
ग्रंथालयाला कुलूप,
कचऱ्याच्या डब्यावरचं बोधचिन्ह तेवढं नवं.
किती पौंड मोजलेत गं त्या हिरव्या पानाचे?"

आकडा माझ्या पडद्यावर आहे.
सांगायची मुभा नाही.

आंधळं दळतंय, ग्लेनिस, आणि कुत्रं –
एवढं मराठी गिळून
मी तिला दहाचे बारा हप्ते पाडून देते.

"आवाज दमलाय तुझा," ती म्हणते. "चहा तरी घेतलास का?"

घरी दाराच्या फटीतून तोच तपकिरी लिफाफा.
दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मीच फोन लावला.
रांगेत माझा नंबर सदतिसावा.