तोलाई

टेम्पोवाल्यानं फळी लावता लावता विचारलं,
लग्न कधी झालं?
झालं नाही, म्हटलं.
मग बदली?
नाही.
पुढं तो काही बोलला नाही,
दोरी मात्र गरजेपेक्षा जास्त आवळली.

सांगलीतून मिरज.
एवढ्या अंतराला कुणी घर सोडणं म्हणत नाही.
एवढ्यावर लोक दाढ काढायला जातात
आणि गालाला रुमाल लावून दिवेलागणीला परत येतात.
मीही अकरा वर्षं रोज जाऊन परत येतच होते,
लोकांचं रक्त तपासून.

चार वर्षं हा विषय घरात होता,
म्हणजे कुणी काढत नव्हतं.
यार्डात पूर्वी हळदीचा सौदा व्हायचा तसा,
रुमालाखाली, बोटं धरून:
आई दोन बोटं दाबायची, मी तीन,
आणि वर, सगळ्यांदेखत,
आम्ही भडंग खात मालिका बघायचो.

मुलगी लग्न होऊन निघाली तर आईला पाठ आहे
कधी ओटी भरायची, कधी रडायचं.
चौतिसाव्या वर्षी भाड्याच्या खोलीत निघालेल्या मुलीला
काय द्यायचं, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.
परीक्षेला देतात तसं दही ठेवलं तळहातावर.
साखर विसरली.

एकदा महापुरात घर सोडलेलं, ते सगळ्यांनी मिळून.
होडीत आई, आण्णा, सन्मती, मी, शेजारच्यांची शेळी.
परत आलो तेव्हा भिंतीवरचा चिखलही मिळूनच खरवडला.
तेव्हा कुणी कारण विचारलं नाही. पाणी होतं.
आता विचारतात,
आणि माझ्याजवळ पाणी नाही.
एक दार हवं होतं,
आतून कडी घातली तरी
काय झालं गं, असं कुणी न विचारणारं.

आण्णा एकतीस वर्षं तोलार.
गुडघे गेले, काटे इलेक्ट्रॉनिक झाले,
हात विसरत नाही.
एकेक खोकं टेम्पोत द्यायच्या आधी
मान तिरकी करून क्षणभर अधांतरी धरायचे:
भांडी, अकरा.
गादी नुसती फुगलीय, सात पण नाही.
पुस्तकांचं खोकं उचललं, खाली ठेवलं, परत उचललं.
सव्वीस, म्हणाले. पुस्तकं एवढी नसतात.
आणि आईकडं बघितलं.
आई उंबऱ्यावरची नसलेली धूळ पुसत होती.

खोली सतारवाल्यांच्या गल्लीत, वरचा मजला.
गच्चीवर भोपळे वाळत ठेवलेले, जिन्यात पॉलिशचा वास.
खिडकी पश्चिमेला.
आमच्याकडं सूर्य म्हणजे ताट.
तो टेकायच्या आत सगळ्यांची जेवणं,
हिवाळ्यात तर साडेपाचलाच हाक, त्रिशलाऽ.
मी गादीवर बसून तो पुरता मावळताना पाहिला.
कुणी हाक मारली नाही.
भूकही नव्हती.

सव्वानऊला लागली.
पुस्तकांचं खोकं फोडलं:
बायोकेमिस्ट्रीच्या खाली स्टीलचा डबा,
मेतकूट, लिंबाचं लोणचं, शेंगदाण्याची चटणी,
नव्या हळदीची पुडी,
आणि कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, आईच्या अक्षरात,
दूधवाल्याचा नंबर.
मिरजेतल्या. माझ्याच गल्लीतल्या.
कधी काढला असेल हिनं?

चटणी पावाला लावून उभ्यानंच खात होते
तेवढ्यात फोन.
जेवलीस?
हो, म्हटलं, उजेडातच.
घास तोंडात होता, तिनं ऐकला असणार.
ती म्हणाली, बरं केलंस.
मागून आण्णा: खोकं वर कुणी चढवलं?
मीच.
सव्वीस किलो?
हो.
मग बराच वेळ नुसता आमच्या घरचा पंखा ऐकू येत राहिला.

खाली कुणीतरी जवारी काढत बसलं होतं.
एकच तार छेडायची, थांबायचं,
कानस एकदाच फिरवायची,
परत तीच तार.
मी दार लावलं, कडी घातली.
झालं नव्हतं त्याचं अजून.