थोडीफार

नवतपा संपला म्हणे,
उन्हाला अजून कुणी कळवलेलं नाही.
पलंगावर चार कॉलेजांची माहितीपुस्तकं,
चारही चकचकीत, चारहींवर तीच हिरवळ
आणि लॅपटॉपकडे बघून हसणारी तीच तीन पोरं.
बाबा म्हणाले, एवढं हसण्यासारखं
काय दाखवून राहिले त्यांना त्या डब्यात?

मी हर्षाली देवाजी पराते, तांडापेठ.
बारावी कॉमर्स, अठ्ठ्याहत्तर टक्के.
दहावीपासून कूलरच्या ताट्या भरते.
होळी झाली की सुरू.
जुनं गवत उपसायचं, त्याचा कुजका वास,
बोटांना जाळीचे ओरखडे,
नवं गवत सारखं पसरायचं, दाबायचं नाही,
दाबलं की हवा मरते.
जास्तीचे पैसे देणाऱ्याला मधे वाळ्याचा एक थर.
यंदा दोनशे अकरा कूलर,
हाताखाली दोन पोरं, एक रिक्षा भाड्याची.

मग पाऊस.
मग आठ महिने
मी कुणालाच आठवत नाही.

एवढाच माझा प्रश्न होता. तो घेऊन फिरले.

हिंगणा रोडच्या सरांनी पॅकेज सांगितलं,
सरासरी, सर्वोच्च, कंपन्यांची नावं एका दमात.
मी विचारलं, नोकरी न धरणारे किती निघतात?
ते म्हणाले, ताई, आमच्याकडे शंभर टक्के लागतात.
मी परत विचारलं.
ते परत शंभर टक्के म्हणाले.
वर्धा रोडला 'उद्योजकता कक्ष' होता,
त्याला कुलूप होतं,
किल्लीवाले सर रजेवर.
पुण्याचा फोन दिवसातून तीनदा येतो.
फीचा आकडा ऐकून आईनं गॅस बंद केला,
दूध उतू जात नव्हतं तरी.

चौथं सक्करदऱ्याच्या पुढे, बसस्टॉपला लागून.
पाटीवरचं एक अक्षर पडलेलं.
टेबलामागे नंदनवार मॅडम
ओल्या रुमालानं मान पुसत बसलेल्या.
खिडकीतल्या कूलरची ताटी दोन उन्हाळे बदललेली नाही,
हे मला दारातच वासावरून कळलं.
मी प्रश्न सांगितला.
त्यांनी उत्तर दिलं नाही. पेन खाली ठेवलं.
"उधारी किती अडकलीय?"
असेल थोडीफार, मी म्हटलं.
"थोडीफार हा आकडा नाही."

वही पिशवीत होती. तिथंच उभ्यानं बेरीज केली,
मागची रांग कुरकुरत होती,
एकदा चुकले, पुन्हा वरपासून.
सव्वीस हजार चारशे.
फीचा पहिला हप्ता चोवीस.
मॅडम आकड्याकडे बघत राहिल्या,
मग फॉर्म सरकवला. मुदत शुक्रवार.

आई म्हणते, मोठ्या कॉलेजात मोठ्या ओळखी होतात.
होतही असतील.
रात्री मी अजून त्या पुस्तकातली हिरवळ बघते,
तिथल्या पोरी कुणाच्या ताट्या भरत नसतील.
कुणी सहज विचारलेल्या एका प्रश्नापायी
तीन वर्षं लावावीत का?
मॅडमना बहुतेक माझं नावही आठवणार नाही.

वहीतलं सगळ्यात मोठं नाव आईच्या माहेरचं.
रेवाराम मामा, वाठोडा, लग्नाचं लॉन,
बारा मोठे कूलर, नऊ हजार सहाशे.
एप्रिलपासून एकच उत्तर,
"देतो ना बाई, तू घरचीच नं."

आज गुरुवार. दुपारचे दोन.
मामाच्या खिडकीत कूलर घुरघुरतोय,
गवत माझंच, वाळाही माझा,
(घरच्यांचे पैसे लावले नव्हते)
अर्ध्या गल्लीत गार वास.
मी बेल वाजवली नाही.
कडी काढली, बाहेरची ताटी उचलून
भिंतीला टेकवली,
आणि वही उघडून सावलीत उभी राहिले.

ताटीतून पाणी ठिबकत होतं.
आतून मामा ओरडला,
"अबे, गरम हवा काऊन येऊन राहिली?"