धोंड्यांची हजेरी

एलिस रौहाला, वय चौऱ्याऐंशी,
घडीच्या स्टुलावर काठाशी बसतो, मांडीत थर्मास,
आणि काठीच्या टोकाने यंत्राला सांगतो:
तो नव्हे, त्याच्या मागचा. पांढऱ्या पोटाचा.
उलटा धरलायस. शेवाळाची बाजू वर.

सतरा वर्षांचा होता तेव्हा
धोंड्यामागे मजुरी मिळायची.
ओंडके अडतात, म्हणाली लाकूड कंपनी,
नदी सरळ करा.
भोक पाडायचं, काडतूस ठासायचं, पळायचं.
दोन उन्हाळ्यांत सार्वीयोकी
गटारासारखी सरळ झाली
आणि मुकी.
पहिल्या रात्री, तो सांगतो,
सगळं गाव झोपेतून उठून बसलं:
कसला हा आवाज?
आवाज नव्हताच. म्हणून तर.

आता तेच धोंडे
काठावरच्या बर्चच्या मुळांतून सोडवून
परत पाण्यात.
तातू यंत्र चालवतो, पंचविशीचा, दोन्ही कानांत गाणी,
पण म्हाताऱ्याने काठी उचलली
की एक कान मोकळा करतो.

नावं होती त्यांना.
ओंडक्यावर उभं राहून इथून जाणाऱ्यांनी ठेवलेली.
सासू. तिघे भाऊ. ओला कोट.
आणि अगदी मधोमध पाद्री,
कारण त्याच्यापाशी आलेला ओंडका
प्रवचन संपल्याखेरीज सुटत नसे.

पाद्री कुठे ठेवू? तातूने विचारलं.
एलिसने थर्मासचं झाकण लावलं.
परत काढलं.
तो उरला नाही. पाच काडतुसं. मीच.
ती जागा तशीच राहू दे.

माझं काम खडीचं, आणि फोनचं.
खडी अक्रोडाएवढी ते मुठीएवढी, धुतलेली,
बादलीने, हातोहात:
शाळेची पोरं, दोन निवृत्त नर्सा,
आणि कुणाचा तरी जावई, जो पुन्हा आला नाही.
फोन वरच्या धरणावर.
नदी हल्ली विजेच्या भावाने वाहते.
शनिवारी संध्याकाळी शहरात सौना तापले
की आमच्या गुडघ्याचं पाणी कमरेला येतं,
मध्यरात्री भाव पडला की घोट्याला.
ट्राउटच्या मादीला हे वेळापत्रक कोण सांगणार?
ती ऑक्टोबरात येते,
शेपटीने खडीत खळगा करते, गाबोळी पुरते,
निघून जाते.
सकाळी खळगा उघडा,
वर बर्फाची पापडी,
खाली दाणे पांढरे पडलेले.

अकरा वर्षं पत्रं लिहिली मी.
ज्या नदीवर सगळ्यांनीच पाणी सोडलं होतं
तिच्यात पाणी सोडा, एवढीच मागणी.
सेकंदाला दोन घनमीटर. रात्रीसुद्धा.
यंदा हो म्हणाले,
कागदावर, पुढे एक शब्द जोडून: शक्यतो.

काल काचेच्या तळाची बादली
पाण्यात दाबून पाहत गेले.
सासूच्या आडोशाला काही नाही.
तिघा भावांमध्ये काही नाही.
पाद्रीच्या मोकळ्या जागी नुसता प्रवाह.
आणि एलिसला डुलकी लागली असताना
तातूने भलत्याच ठिकाणी टाकलेल्या
त्या बिननावाच्या धोंड्यामागे
जेवणाच्या टेबलाएवढी खडी
घासून उजळलेली.

फोन केला. आज रात्री शक्यतो नको, म्हटलं, नक्की हवं.
किती मासे आहेत?
एक. बहुतेक.
पलीकडे बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मग कळफलकाचा आवाज.

रात्री उणे सहा.
बॅटरी घेऊन पाण्याच्या पट्टीपाशी गेले
तर एलिस आधीच तिथे, टोपी कानांवर.
एकेचाळीस, म्हणाला.
तासाने चाळीस. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.
त्याला तातूचं नाव द्यायचं का, मी विचारलं.
नको. पोरगा डोक्यावर चढेल.
मग खाली वाकला, पट्टीवरचं दव बोटाने पुसलं,
एकेचाळीस.